शंकरपटाची जोडी : निवड, शिकवण आणि पैजेने होणारा नाश

धानाचे चुरणे आटोपून बांध्या मोकळ्या झाल्या म्हणजे कोंढा, पवनी, अड्याळ या बाजूच्या प्रत्येक गोठ्यात व प्रत्येक पानठेल्यावर एकच विषय निघतो, तो शंकरपटाचा. कोणाची जोडी यंदा निघणार, कोणी नवा गोऱ्हा आणला, कोणत्या गावी पट केव्हा भरणार, याची चर्चा मकरसंक्रांतीपासून महाशिवरात्र उलटेपर्यंत थांबत नाही. धानाच्या रोवणीवर, खतांवर व सोसायटीच्या कर्जावर आपल्या मासिकांतून पुष्कळ मजकूर येतो. परंतु ज्या बैलावर कास्तकार पोटच्या पोराइतका जीव लावतो आणि वेळप्रसंगी त्याहून अधिक पैसा खर्च करतो, त्या बैलास पटाकरिता कसे तयार करावे हे बहुधा ऐकीव गोष्टींवरच चालते. त्या ऐकीव गोष्टींपैकी काही उत्तम आहेत, काही निरुपयोगी, व काही अशा की ज्यांच्यामुळे जनावर दोन हंगामांत निकामी होते. त्यांची निवड करून देण्याचा येथे विचार आहे.

प्रथम कायद्याची स्थिती सांगणे अवश्य आहे, कारण तीविषयी गावोगाव घोटाळा दिसतो. केंद्र सरकारने जुलै २०११ मध्ये अधिसूचना काढून, ज्या जनावरांना खेळ करून दाखविण्याकरिता शिकविता येत नाही त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. पुढे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लिकट्टू व महाराष्ट्रातील बैलांच्या शर्यती बंद केल्या. बैल हा नांगराचा व ओझ्याचा प्राणी असून त्याची शरीररचना घोड्यासारखी शर्यतीस योग्य नाही, असे त्या निकालाचे म्हणणे होते. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये, प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय अधिनियमास राज्यापुरती दुरुस्ती केली. परंतु तीवरही वाद होऊन पट सुरू होण्यास १६ डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या कायम केल्या.

या सात वर्षांच्या बंदीत आपल्या झाडीपट्टीचे नुकसान केवळ बैलांपुरते राहिले नाही. पटाच्या दिवशी गावात पाहुणे येतात आणि रात्री नाटक होते. वडसा-देसाईगंजच्या नाटकमंडळ्यांचा हंगाम पुष्कळ अंशी याच गर्दीवर चालतो. सबब पट पुन्हा सुरू झाल्याचा आनंद सर्वांस झाला, तो आम्हासही झाला. मात्र परवानगी अटींवर मिळालेली आहे, व अटी मोडणारे आपलेच लोक आहेत, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

अटी थोडक्यात अशा. जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी व तीकरिता अनामत रक्कम. धावेची लांबी एक हजार मीटरपेक्षा अधिक नसणे. पशुवैद्यकाने जनावर तपासून दाखला देणे. काठी, चाबूक, आर, खिळा, विजेचा झटका किंवा मादक पदार्थ यांचा उपयोग न करणे. शेपटी पिरगाळणे किंवा चावणे हे प्रकार न करणे. अटी मोडणारास दंड व कैद या दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. अर्ज व अनामत यांचा भार संयोजकांवर असला तरी बैलाविषयीच्या अटींचा जाब मालकास व धुरकऱ्यासही द्यावा लागतो, हे जोडी घेऊन जाणाऱ्याने समजून असावे.

आता मूळ विषयाकडे वळू.

जोडीच्या निवडीत लोक प्रथम रंग व शिंगे पाहतात. रंगाने बैल धावत नाही. आमच्या भागात पटाकरिता गवळाऊ जातीस मान आहे. वर्धा, नागपूर व लगतच्या मध्यप्रदेशातील छिंदवाडा, शिवनी, बालाघाट या मुलखातील ही पांढरी, लांबट अंगाची, चपळ जात असून मराठ्यांच्या काळात फौजेचे सामान जलद नेण्याकरिता तिचा उपयोग होत असे. वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडी येथे या जातीच्या पैदाशीचे सरकारी क्षेत्र आहे. आपल्या पूर्वेकडील कठाणी बैल लहान चणीचा व चिखलणीस उत्तम. त्याचीही नोंद कर्नाल येथील राष्ट्रीय संस्थेने स्वतंत्र जात म्हणून केलेली आहे. पटात तो लांब धावेस कमी पडेल, परंतु बांधीत त्याची बरोबरी गवळाऊ करू शकत नाही. पश्चिम महाराष्ट्रातून खिल्लार आणणारेही आहेत. तो वेगवान खरा, पण आपल्या ओल्या पावसाळ्यात व तणसाच्या वैरणीवर तो कसा टिकतो हे एक पावसाळा पाहिल्याशिवाय त्यावर मोठी रक्कम घालू नये.

गोऱ्हा पाहताना त्यास सपाट, भुसभुशीत जमिनीवर सरळ चालवावे व मागून पावलांचे ठसे पाहावेत. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशात किंवा त्याच्या थोडा पुढे पडत असेल तर चाल मोकळी आहे असे समजावे. ठसा मागे राहत असेल तर अंग आखूड किंवा सांधा आखडलेला असतो. खूर काळे, घट्ट व दोन्ही फाळके सारखे असावेत. छाती रुंद, कातडी पातळ, डोळा शांत. डोळ्याचे महत्त्व फार आहे. जो गोऱ्हा छत्री उघडताच दोर तोडतो तो धावेल खरा, पण कोणत्या दिशेस धावेल हे सांगता येत नाही.

जोडी म्हणजे दोन चांगले बैल नव्हेत, दोन सारखे बैल होत. एकाचे पाऊल लांब व दुसऱ्याचे आखूड असले की जू तिरपे होते, छकडी एका बाजूस ओढली जाते आणि आखूड पावलाच्या बैलाचा खांदा सुजतो. म्हणून दोघांस एकत्र चालवून पन्नास पावले मोजावीत. मोजणीत तीन-चार पावलांहून अधिक फरक पडल्यास ती जोडी शेतकामास ठेवावी. उजव्या व डाव्या जागेचीही सवय असते. शिकवणीच्या पहिल्या महिन्यात जागा बदलून पाहावी व जेथे बैल मोकळा चालतो ती जागा एकदा ठरली म्हणजे पुन्हा बदलू नये.

वयाविषयी सर्वांत अधिक चूक होते. बैल दोन दाती होतो तेव्हा तो सुमारे दोन ते अडीच वर्षांचा असतो, चार दाती तीन-साडेतीनचा, सहा दाती चारच्या आसपास, आणि तोंड जुळते ते पाचव्या वर्षाच्या सुमारास. दोन दाती गोऱ्हा हलका असल्यामुळे वेगात दिसतो, म्हणून लोक त्यास पटावर घालतात. परंतु त्याची हाडे अद्याप वाढत असतात. त्या वयात वेगाने धावविलेल्या जनावराचे गुडघे व घोटे फुगतात, आणि जे जनावर आठ-दहा वर्षे कामाचे होते ते सहाव्या वर्षी बाजारात नेण्याच्या लायकीचे राहत नाही. चार दात पूर्ण आल्याखेरीज पूर्ण वेगाची धाव देऊ नये. तोवर शिकवण चालू ठेवण्यास हरकत नाही.

शिकवणीचा आरंभ हातापासून होतो. रोज त्याच माणसाने, त्याच वेळी, गोऱ्ह्यास खरारा करावा, चारही पाय उचलून पाहावेत, कान व शेपटीस हात लावावा. मोरकीवर चालणे, थांबणे व मागे सरणे हे वेसण घालण्यापूर्वी शिकवावे. बोलीचे शब्द तीनच ठेवावेत, व घरातील सर्वांनी तेच शब्द वापरावेत. बाप एक शब्द बोलतो, पोरगा दुसरा, आणि धुरकरी तिसरा, मग बैल गोंधळला तर त्याचा दोष नाही. त्यानंतर लाकडाचा हलका ओंडका ओढविणे, मग रिकामी छकडी चालीने, मग दुडक्या चालीने, आणि सर्वांत शेवटी धाव.

धावेची जागा कशी असावी याचा विचार आपल्याकडे जवळजवळ होत नाही. धानाची बांधी सुकली की भेगा पडून विटेसारखी कठीण होते, आणि त्या भेगेत खूर अडकला की पाय मोडतो. अशी बांधी वखरून, ढेकळे फोडून, थोडे पाणी शिंपून दाबून घ्यावी. माती पावलाखाली दोन बोटे दबली पाहिजे. डांबरी सडकेवर जोडी पळविणाऱ्यांस आम्ही स्पष्टपणे सांगतो की तो बैलाच्या खुरांवर घण घालण्याचाच प्रकार आहे. आणखी एक गोष्ट आपल्या भागास विशेष लागू आहे. पावसाळाभर चिखलणीत राहिल्याने बैलाचे खूर मऊ होतात व फटीत कुजतात. म्हणून कार्तिकात खूर साळून घ्यावे, फटी स्वच्छ धुवून कोरड्या ठेवाव्यात व महिनाभर कोरड्या जमिनीवर नुसती चाल द्यावी. ही महिन्याची चाल चुकविणाऱ्याची जोडी पौषात लंगडते, आणि मग दृष्ट लागली असे म्हणण्यात येते.

पूर्ण शिकवणीस सहा ते आठ आठवडे लागतात. पूर्ण वेगाची धाव आठवड्यातून दोनदा पुरे. मधल्या दिवशी चाल व विश्रांती. वेग हा रोज पळवून वाढत नाही, कारण धावेने दुखावलेले स्नायू विश्रांतीतच भरून येतात. बैल तयार झाला किंवा नाही हे ओळखण्याचा एक सोपा उपाय आहे, व त्यास घड्याळाशिवाय काही लागत नाही. सकाळी बैल शांत उभा असता त्याच्या कुशीच्या हालचालीवरून एका मिनिटाचे श्वास मोजून वहीत लिहावेत. धावेनंतर लगेच, मग दहा मिनिटांनी व वीस मिनिटांनी पुन्हा मोजावेत. वीस मिनिटांत आकडा सकाळच्या आकड्याजवळ आला तर बेत योग्य आहे. तो दुपटीवर राहिला तर त्या आठवड्यात धाव बंद करावी. ताप पाहण्याचे पशुवैद्यकी थर्मामीटर प्रत्येक गोठ्यात असावे. बैलाचे अंग साधारण १०१ ते १०२ अंश फारेनहाईट असते, आणि सकाळच्या वेळी त्याहून वर गेलेला बैल छकडीस जुंपू नये.

धावण्यापेक्षा थांबणे शिकविणे कठीण आहे. पटावर अपघात होतात ते बहुधा निशाण ओलांडल्यावर, जेव्हा जोडी आवरत नाही व पुढे माणसे उभी असतात. म्हणून प्रत्येक धावेच्या शेवटी बैल आपण होऊन मंद होईल इतकी मोकळी जागा ठेवावी. थांबल्यावर मूठभर चुनी किंवा गुळाचा खडा त्याच जागी द्यावा. पंधरा दिवसांत बैल त्या जागेची वाट पाहू लागतो. भिऊन पळणारा बैल व सवयीने पळणारा बैल यांत हाच भेद आहे. भ्यालेला बैल मान वर करून, आडवा ओढीत पळतो, त्याचा श्वास लवकर तुटतो, आणि तीन-चार पटांनंतर छकडी पाहताच तो बसकण मारतो. तुतारीच्या आरेने चार पावले अधिक मिळतात हे खरे. पण ती पुढल्या वर्षाच्या खात्यातून काढलेली उचल असते. जावाजवळच्या मदुरा बेटावर बैलजोड्यांच्या अशाच शर्यती शतकानुशतके चालत आल्या आहेत. तेथेही खिळ्यांच्या काठीविरुद्ध तेथील सरकारास हुकूम काढावे लागले. यावरून हा रोग आपलाच नाही एवढे समाधान मानावयाचे असेल तर मानावे.

खुराकाविषयी बढाई फार चालते. अमक्याने बैलास रोज दहा अंडी चारली, तमक्याने शेरभर तूप पाजले. बैल हा रवंथ करणारा प्राणी आहे. त्याच्या पहिल्या कोठ्यातील सूक्ष्म जंतू तणस व कुटार आंबवितात आणि त्यावर बैल जगतो. अंड्यातील बहुतेक प्रथिन ते जंतूच मोडून टाकतात, म्हणून माणसाच्या अंगी लागते तसे ते बैलाच्या लागत नाही. तूप-तेलाचा अंश एकूण कोरड्या खाद्याच्या शेकडा सहा-सात भागांवर गेला की वैरण पचेनाशी होते. सर्वांत घातक म्हणजे पटाच्या आधी एकदम तांदळाचा भरडा, गहू किंवा गूळ वाढविणे. त्याने पोटात आंबट रस साचतो, बैल चारा सोडतो, पातळ हगतो, आणि पुढे खुराच्या आत दाह होऊन कायमचा लंगडा होऊ शकतो. दाणा वाढवावयाचा तो दोन-तीन आठवड्यांत, थोडा थोडा.

आपल्या धानाच्या तणसात प्रथिने शेकडा तीन-चार भागच असतात, म्हणून त्यावर एकट्यावर बैल उभा राहील, पळणार नाही. जवसाच्या ढेपेत प्रथिने सुमारे तीस भाग असतात. तणसाबरोबर तुरीचे किंवा हरभऱ्याचे कुटार, बैलामागे दीड-दोन किलो ढेप व चुनी मिळून, मिळेल तेवढा हिरवा चारा, तीस ग्रॅम मीठ व पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण, एवढ्यात पटाचा बैल उत्तम राहतो. लाखेचा दाणा स्वस्त म्हणून भरपूर चारू नये; माणसाचे व घोड्याचे मागचे अंग त्याने लुळे पडते हे ठाऊकच आहे. पटाच्या दिवशी धावेपूर्वी चार तास वैरण बंद ठेवावी, कारण भरलेला कोठा फुप्फुसांवर दाब आणतो. पाणी मात्र तोडू नये. थोडे थोडे पाजावे.

येथवर जे सांगितले ते पाळणे कोणासही अवघड नाही. तरी ते पाळले जात नाही, याचे कारण आमच्या मते एकच आहे, आणि ते म्हणजे पैज.

बक्षीस वेगळे व पैज वेगळी. बक्षीस पंच देतात, ते हुकले तर प्रवेशाची रक्कम जाते. पैज मात्र कडेला उभ्या असलेल्या माणसांत लागते. ज्याने आठ दिवस आधी दहा हजारांची पैज मारली त्याचा बैल सकाळी पाय उचलून उभा असला तरी तो जोडी मागे घेऊ शकत नाही. मग दुखणे दाबणारी सुई टोचली जाते, दारू पाजली जाते, शेपटी पिरगाळली जाते. दुखणे दबलेला बैल दुखऱ्या पायावर पूर्ण भार देतो आणि ताणलेली शीर तुटते. म्हणजे जो मालक वर्षभर बैलास हळुवार हाताने वागवितो, तोच त्या दोन-चार तासांत त्याचा वैरी होतो. स्वभावाने तो वाईट नसतो. पण त्या क्षणी बैल त्याचा राहिलेला नसतो, पैजेचा झालेला असतो.

हिशेबही पाहावा. खालील दर आम्ही उदाहरणादाखल धरले आहेत, ज्याने त्याने आपल्या बाजाराचे घालावेत. दोन बैलांस रोज चार किलो ढेप-चुनी, किलोस ३५ रुपये, म्हणजे रोजचे १४० व साठ दिवसांचे ८,४०० रुपये. पाच पटांस जाण्या-येण्याचे गाडीभाडे प्रत्येकी ३,००० प्रमाणे १५,०००, प्रवेशशुल्क प्रत्येकी १,००० प्रमाणे ५,०००. एकूण २८,४०० रुपये. एखादे बरे बक्षीस आले तर हा खर्च बहुतेक निघतो, आणि नाव झालेली निरोगी जोडी लाखांत विकली जाते, हे सर्वांस माहीत आहे. आता यात प्रत्येक पटावर १०,००० ची पैज मिळवा. पाचांपैकी दोन जिंकल्या, तीन हरल्या, तर २०,००० आले व ३०,००० गेले. म्हणजे पाचांत दोनदा जिंकणारा, जो गावात मोठा पटवाला म्हणून मिरवतो, तोही खर्चावर आणखी १०,००० घालून घरी येतो. जो पाचांत एकदाच जिंकतो त्याचे तीस हजार जातात.

आमची नोकरी फेरफाराच्या नोंदी लिहिण्यात गेली. खरेदीखतात विक्रीचे कारण 'घरखर्चाकरिता' किंवा 'मुलीच्या लग्नाकरिता' असे लिहिलेले असते, व दप्तरास तेवढेच पुरे होते. गावास मात्र कोणती बांधी कोणत्या पटात गेली हे तोंडपाठ असते. अशा बांध्या एकाच वर्षी जात नाहीत. पहिल्या वर्षी सोसायटीची उचल थकते, दुसऱ्या वर्षी खाजगी सावकार येतो, तिसऱ्या वर्षी धुऱ्याकडची पाऊण एकर जाते. आणि ती बहुधा पाण्याखालची असते, कारण कोरडवाहूस गिऱ्हाईक नसते.

कायद्याच्या दृष्टीने पटास परवानगी आहे, पैजेस नाही. घोड्यांच्या शर्यतीवरील पैजेस १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात बंदिस्त मैदानापुरती वेगळी सवलत आहे. ती बैलांच्या पटास लागू नाही. कोंबड्यांच्या झुंजीविषयी तर शंकेस जागाच नाही. पायास काती बांधून असील कोंबडे लढविण्याचा जो बाजार आपल्या पूर्वेकडील रानांत चोरून भरतो, त्यात पक्षी लढविणे हाच १९६० च्या अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि सार्वजनिक जागी तसे करणाऱ्यास व त्यास मदत करणाऱ्यास जुगाराचा कायदाही लागतो. पटास जशी राज्याच्या दुरुस्तीने वाट मिळाली तशी झुंजीस मिळालेली नाही. त्या कोंबड्याची शिकवण कशी करतात हे आम्हास अनेकांनी सांगितले, परंतु ते येथे लिहिण्याचे कारण दिसत नाही.

रोगांची एक गोष्ट राहिली. पटावर दूरदूरची जनावरे एका गोठणीत उभी राहतात, त्यामुळे साथ पसरण्यास याहून सोयीची जागा नाही. लम्पी त्वचारोगामुळे सप्टेंबर २०२२ मध्ये सर्व राज्यात जनावरांचे बाजार व शर्यती बंद कराव्या लागल्या होत्या, हे ध्यानी असेलच. लाळ-खुरकूत, घटसर्प व लम्पी यांच्या लसी हंगामाच्या किमान महिनाभर आधी टोचून घ्याव्यात. पटावर आपली बादली व आपली वैरण न्यावी, आणि परत आल्यावर दोन आठवडे जोडी इतर जनावरांपासून वेगळी बांधावी.

हंगाम संपताच दाणा एकदम तोडू नये. जसा वाढविला तसाच दोन-तीन आठवड्यांत उतरवावा. जुवाखाली खांद्यावर सूज किंवा उष्णता असेल तर थंड पाण्याच्या पट्ट्या देऊन सूज उतरेपर्यंत जू ठेवू नये. चैत्र-वैशाखाच्या उन्हात जोडीस सावली व विश्रांती द्यावी. जोडी विकावयाची असेल तर ती याच वेळी, बैल निरोगी असता विकावी. पावतीत दोन्ही बैलांच्या कानांतील बिल्ल्यांचे बारा अंकी क्रमांक, दात, रंग, शिंगांची ठेवण व जुने दुखणे असल्यास तेही लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. रक्कम तोंडी ठरवून अर्धी पुढल्या पटाच्या जिंकीवर ठेवण्याची जी रीत अलीकडे ऐकू येते तीस मान्यता देऊ नये. पूर्ण रक्कम हाती आल्यावरच कासरा सोडावा.